डॉक्टर फोनवर भेटतात तेव्हा

कॅन्सर झालेल्या माणसाचं घर तारखांवर चालतं. केमोची तारीख, स्कॅनची तारीख, रिपोर्ट मिळण्याची तारीख. उपचार संपले तरी पुढे वर्षानुवर्षं फॉलो-अपची तारीख. नंदुरबार, लातूर किंवा यवतमाळच्या कुटुंबाला यातली एकेक तारीख केवढ्याला पडते ते त्यांनाच विचारावं. आदल्या रात्रीची गाडी, दोन माणसांची बुडालेली मजुरी, लेकरांना शेजारी सोपवणं, मुंबईत परळच्या कॅन्सर रुग्णालयात पोचल्यावर रक्त द्यायची रांग, मग नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राहणं आणि अखेरीस डॉक्टरांसमोरची काही मिनिटं. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं तिकीट माफ करते, सोबत्यालाही मोठी सवलत देते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा मुक्कामाला आधार देतात. तरीही तिकिटाची सवलत म्हणजे प्रवासाची सवलत नव्हे. तोंड आलेलं, तळपायांना मुंग्या, पोटात अन्न ठरत नाही, अशा अवस्थेत बाराएक तासांची गाडी अंगावर काढावीच लागते.

आणि एवढं करून डॉक्टर म्हणतात, “सगळं छान आहे, चार महिन्यांनी या.”

हे ऐकून आनंद होतोच. पण परतीच्या गाडीत बसल्यावर मनात येतं, एवढंच फोनवर सांगता आलं नसतं का? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला ‘येतं’ असं उत्तर मिळू लागलं आहे. डॉक्टरांशी फोनवर किंवा व्हिडिओवर होणारी भेट आता अपवाद राहिलेली नाही. रुग्णांना ती कशी वाटते, हे पाहायला गेलं की दोन टोकांची उत्तरं मिळतात. कुणाला वाटतं, सुटलो. कुणाला वाटतं, आपल्याला सोडून दिलं. एकाच माणसाला आजाराच्या दोन वेगळ्या टप्प्यांवर ही दोन्ही उत्तरं खरी वाटू शकतात, आणि या प्रकरणात मला मुख्यतः तेच मांडायचं आहे.

आधी थोडा इतिहास. कॅन्सरतज्ज्ञाने दूर गावच्या रुग्णाला पडद्यावर तपासण्याची पद्धत करोनाने आणलेली नाही. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने १९९५ मध्येच राज्याच्या पश्चिमेकडच्या हेज या गावाशी असा दुवा जोडला होता. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या टाउन्सव्हिलच्या रुग्णालयाने २००७ पासून माउंट आयझा या सुमारे ९०० किलोमीटर दूरच्या खाणगावातल्या रुग्णांना व्हिडिओवर तपासायला सुरुवात केली. त्याकडे आपण शेवटी पुन्हा वळू, कारण आपल्यासाठी सगळ्यात मोलाचं उदाहरण मला तेच वाटतं.

आपल्याकडे मात्र ही गोष्ट एका धक्क्यात आली. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि त्याच दिवशी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. तोवर फोनवर औषध सांगणं कायद्यात बसतं की नाही याबद्दल डॉक्टरच साशंक होते. टाळेबंदीच्या सुरुवातीच्या काळात कॅन्सरच्या उपचारांचं काय झालं याची मोजदाद राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातल्या (नॅशनल कॅन्सर ग्रिड) ४१ केंद्रांनी मिळून केली. मार्च ते मे २०१९ च्या तुलनेत मार्च ते मे २०२० मध्ये नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली आणि फॉलो-अपच्या भेटी ४६ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं रुग्णालयापर्यंत पोचलीच नाहीत. त्या दिवसांत ज्याला डॉक्टरांचा फोन आला, त्याला तो देवासारखा वाटला यात नवल काय?

म्हणूनच त्या काळातल्या सर्वेक्षणांकडे थोडं जपून पाहावं. देशोदेशीच्या पाहण्यांत बहुसंख्य कॅन्सर रुग्णांनी दूरच्या भेटींबद्दल समाधान नोंदवलं. ते खोटं नाही. पण तेव्हा पर्याय फोन की भेट असा नव्हता, फोन की काहीच नाही असा होता. शिवाय अशा पाहणीत मत नोंदवतो तो ज्याचा फोन लागला आणि ज्याला तो वापरता आला. ज्या आजीबाईंच्या घरी एकच साधा फोन आहे आणि तोही दिवसभर मुलाबरोबर शेतावर असतो, त्यांचं मत त्या आकड्यात आलेलं नाही.

मग खरी कसोटी कशी लावायची? पर्याय दोन्ही खुले ठेवायचे आणि चिठ्ठी टाकल्यासारखे रुग्ण दोन गटांत वाटायचे. अमेरिकेत २२ कॅन्सर केंद्रांवर हे केलं गेलं आणि त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेले १,२५० रुग्ण त्यात होते. वेदना, धाप, भीती, झोप यांवर काम करणाऱ्या उपशामक उपचारांच्या डॉक्टरांशी निम्म्यांची भेट समोरासमोर होई, निम्म्यांची व्हिडिओवर. काही महिन्यांनी दोन्ही गटांचं जगणं किती सुसह्य आहे हे मोजलं, तर ते सारखं निघालं. एवढ्या गंभीर आजारातही पडद्यावरचा संवाद कमी पडला नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला अधिक बोलका वाटतो. समोरासमोरच्या गटात जवळजवळ निम्म्या रुग्णांचे जवळचे नातेवाईक भेटीत सहभागी झाले. व्हिडिओच्या गटात हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. घरात बसून बोलताना घरचेच कमी झाले! दवाखान्यात जायचं म्हटलं की कुणीतरी सोबत निघतं. फोन करायचा म्हटलं की ‘तू बोलून घे’ म्हणून जो तो आपल्या कामाला लागतो.

दूरच्या भेटीचं सुख ज्यांच्या वाट्याला येतं त्यांची आधी गोष्ट सांगायला हवी. ती माणसं थोडी नाहीत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण इमॅटिनिबची रोजची गोळी घेत वर्षानुवर्षं कामधंदा करतात. स्तनाच्या कॅन्सरनंतर अनेक बायका पाच-दहा वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेतात. प्रोस्टेटच्या रुग्णांचं लक्ष एका रक्तचाचणीच्या आकड्यावर असतं. रक्त तालुक्याला द्यायचं, रिपोर्ट मोबाइलवर पाठवायचा, डॉक्टरांशी दहा मिनिटं बोलायचं आणि पुन्हा दुकान उघडायचं, एवढंच त्यांना हवं असतं. आजार आपल्या दिवसाचा मालक राहिला नाही, ही जाणीव मोठी असते. केमो घेतलेल्या काही जणांना रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकताच, तिथल्या वासानेच मळमळायला लागतं. उपचार संपल्यावरही शरीर तो वास विसरत नाही. अशा माणसाला घरच्या खुर्चीतून बोलणं किती सोपं जातं हे सांगायला नको. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णाला गर्दी टाळता येते, तो फायदा वेगळाच.

दूरवरून ठेवलेली नजर त्रासही लवकर पकडते. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर केंद्रात केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांवर एक अभ्यास झाला. काही रुग्णांनी मळमळ, वेदना, थकवा, धाप अशा बारा त्रासांची नोंद घरून संगणकावर करायची, त्रास वाढला की नर्सला आपोआप सूचना जाणार, अशी व्यवस्था होती. या गटातले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून अधिक जगले, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांतले निम्मे २६ महिन्यांहून अधिक. एका अभ्यासावर आयुष्याचा हिशोब ठाम मांडू नये. पण पुढे ५२ केंद्रांवर झालेल्या मोठ्या अभ्यासातही अशा नोंदींमुळे रुग्णांची शारीरिक क्षमता आणि त्रासावरचं नियंत्रण सुधारलेलं दिसलं. मला यातलं मर्म यंत्रात दिसत नाही. आपल्याला मळमळतंय हे कुणीतरी वाचतंय आणि त्यावर फोन येतोय, या खात्रीत ते आहे. आपल्याकडचे रुग्ण ‘डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा’ म्हणून पुढच्या तारखेपर्यंत किती तरी गोष्टी सोसत राहतात.

आता दुसरी बाजू. ‘या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ असं आपण सहज म्हणतो. कॅन्सरच्या तपासणीत हाताचं काम खरोखरच मोठं असतं. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वांत अधिक आढळतो आणि त्याच्या फॉलो-अपमध्ये डॉक्टर जबडा उघडायला लावतात, हातमोजा घालून जिभेच्या मुळापर्यंत बोट फिरवतात, मानेच्या दोन्ही बाजू चाचपतात. आजार परतला असेल तर त्याची पहिली खूण बोटांना लागणारी छोटी कडक गाठ असू शकते. मोबाइलचा कॅमेरा ती पाहू शकत नाही. तंबाखूने आणि रेडिएशनने ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याने कॅमेऱ्यासमोर काय दाखवायचं?

आणि त्याने बोलायचं तरी कसं? जिभेचा भाग काढलेला माणूस बोलतो तेव्हा समोर बसलेल्याला ओठांवरून, डोळ्यांवरून निम्मं कळतं. फोनवर ते निम्मं जातं. स्वरयंत्र काढलेल्या माणसाची अवस्था त्याहून बिकट. ओपीडीत तो पाटीवर किंवा कागदावर लिहून दाखवतो, खुणा करतो, डॉक्टरांचा हात धरून आपल्या मानेवर नेतो. फोनवर त्याच्या वतीने मुलगा बोलतो आणि तो स्वतः स्वतःच्याच आजाराच्या चर्चेत ऐकणारा होऊन बसतो. दूरच्या भेटींचं कौतुक करणाऱ्या कुठल्याही योजनेने या माणसाचा विचार आधी करायला हवा. आपल्या देशात अशी माणसं फार आहेत.

डॉक्टर रुग्णाला खुर्चीत बसल्यावर तपासायला लागतात, असा आपला समज असतो. खरं तर तपासणी तो दारातून आत येतो तेव्हाच सुरू होते. तो आपल्या पायांनी आला की कुणाला धरून, चार पावलांत धाप लागली का, सदरा खांद्यावरून सैल झालाय का. रुग्ण किती सक्षम आहे हे सांगण्यासाठी कॅन्सरतज्ज्ञ शून्य ते पाच अशी एक मोजपट्टी वापरतात आणि केमो झेपेल की नाही हे बऱ्याचदा त्यावर ठरतं. व्हिडिओवर माणूस बसलेला असतो, छातीपासून वर दिसतो. त्यात आपल्या माणसांची सवय अशी की डॉक्टरांसमोर जायचं म्हणून केस विंचरायचे, चांगला शर्ट घालायचा आणि ‘बरं आहे’ म्हणायचं. ओपीडीत हे सोंग पाच मिनिटं टिकत नाही, पडद्यावर मात्र टिकतं.

घर ही बोलायला सगळ्यात मोकळी जागा असते, असं ज्यांनी गृहीत धरलं आहे त्यांनी दोन खोल्यांच्या घरातली सून डोळ्यांपुढे आणावी. स्तनाचं ऑपरेशन झालेलं आहे. टाक्यांतून पाणी येतंय, नवऱ्याजवळ जाण्याची भीती वाटते, पाळी अचानक थांबली आहे. हे सगळं सासऱ्यांच्या, दिरांच्या कानावर जाईल अशा खोलीतून नवऱ्याच्याच फोनवर बोलायचं? जखम कॅमेऱ्यासमोर धरायची? रुग्णालयात निदान पडदा असतो, सिस्टर असतात, ‘बाकीचे बाहेर थांबा’ म्हणणारं कुणीतरी असतं. अनेक बायकांना दवाखान्याची वारी नकोशी वाटते ती प्रवासामुळे, आणि हवीशी वाटते ती एवढ्याचसाठी की तिथे कुणीतरी फक्त त्यांना विचारतं.

आपल्या कुटुंबांची आणखी एक रीत इथे आडवी येते. ‘आबांना सांगू नका, ते खचतील’ हे वाक्य प्रत्येक कॅन्सरतज्ज्ञाने ऐकलेलं असतं. समोर आबा बसलेले असले की डॉक्टर त्यांच्याकडे पाहून त्यांना किती कळलंय, किती जाणून घ्यायचंय याचा अंदाज घेतात आणि हळूहळू वाट काढतात. फोन मुलाच्या हातात असला की आबा बाजूच्या खोलीत राहतात आणि त्यांच्या आयुष्याचे निर्णय त्यांच्यावाचून होतात. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी याची दखल घेतलेली आहे. रुग्ण हजर नसताना नातेवाइकाने डॉक्टरांशी बोलायचं, तर रुग्ण अल्पवयीन किंवा बोलण्याच्या स्थितीत नसलेला हवा, नाहीतर रुग्णाने तसा अधिकार दिल्याचं किंवा नातं सिद्ध करणारं कागदपत्र हवं. हा नियम किती घरांना माहीत आहे?

वाईट बातमी कशी सांगावी यासाठी अमेरिका-कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० मध्ये एक सहा पायऱ्यांची पद्धत मांडली आणि ती आज जगभर शिकवली जाते. तिची पहिलीच पायरी जागेची आहे. निवांत खोली, डॉक्टर बसलेले, रुग्णाचं माणूस जवळ, मध्येच फोन वाजणार नाही अशी तजवीज. त्या पायरीची गंमत पाहा, ज्या बातमीसाठी फोन बाहेर ठेवायला सांगितलं, तीच आता फोनवर येऊ शकते. रुग्ण त्या वेळी एसटीत असेल, गोठ्यात असेल, दुकानात गिऱ्हाईक करत असेल. ‘स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसतायत’ हे वाक्य तिथे त्याच्या अंगावर येतं, आणि फोन ठेवल्यावर त्याला सावरायला कुणी नसतं. असं असलं तरी सगळ्यांचं मत एक नाही. काहींना गजबजलेल्या वऱ्हांड्यात परक्यांसमोर रडू येण्यापेक्षा आपल्या घरात, आपल्या माणसांत ती बातमी ऐकणं बरं वाटतं. कोणाला काय हवं हे वयावरून, शिक्षणावरून ओळखता येत नाही. ते आधी विचारावं लागतं आणि विचारायला खर्च काहीच येत नाही.

प्रतीक्षालयाबद्दलही थोडं बोलायला हवं. तिथल्या बाकावर वेळ वाया जातो, हे खरं. पण त्याच बाकावर केस गेलेल्या बाईला दुसरी बाई स्कार्फ कसा बांधायचा ते दाखवते. तोंड आल्यावर ताकभात कसा गिळायचा, कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करायचा, कुठल्या खिडकीवर रांग लहान असते, हे सगळं ज्ञान त्या बाकावर फुकट मिळतं. आठ वर्षांपूर्वी हाच आजार होऊन आज नातवाला कडेवर घेऊन आलेला माणूस तिथेच भेटतो, आणि त्याला पाहून जो धीर येतो तो डॉक्टरांच्या बोलण्यानेही येत नाही. फोनवरच्या भेटीत प्रवास वाचतो, पण हा माणूस हरवतो.

औषधांचंही एक गाऱ्हाणं आहे. २०२० च्या तत्त्वांनुसार मादक द्रव्यांच्या कायद्याखाली येणारी औषधं दूरच्या भेटीत लिहून देता येत नाहीत. मॉर्फिन त्यातच मोडतं. गैरवापर होऊ नये हा हेतू समजण्याजोगा आहे. परिणाम मात्र असा की ज्याला पलंगावरून उठवत नाही, ज्याची हाडं दुखतात, त्यालाच औषधासाठी माणूस आणि कागद घेऊन प्रत्यक्ष गाठ घालावी लागते. दूरची भेट ज्याला सर्वांत गरजेची, त्यालाच ती सर्वांत अपुरी पडते. ही अडचण डॉक्टरांच्या हातात नाही. ती धोरण बदलूनच सुटेल, आणि सुटली पाहिजे.

आता माउंट आयझाकडे. तिथे रुग्णाला घरी एकटा पडद्यासमोर बसवलेला नव्हता. तो गावातल्याच रुग्णालयात येई. शेजारी ओळखीची नर्स, गावचा डॉक्टर, घरचं माणूस. पडद्यावर टाउन्सव्हिलचे तज्ज्ञ. गाठ चाचपायची तर गावचा डॉक्टर चाचपे आणि काय लागलं ते सांगे. पुढे केमोसुद्धा तिथल्याच नर्स तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देऊ लागल्या आणि ही पद्धत क्वीन्सलंडभर नेली गेली. तिथल्या आदिवासी रुग्णांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी संशोधकांना समाधान सांगितलं त्यात एक गोष्ट ठळक होती. आपल्या माणसांत राहून उपचार घेता आले.

आपल्याकडे याचा सांगाडा उभा आहे. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेचा एक प्रकार असाच चालतो. गावच्या आरोग्य केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला घेऊन बसतात आणि पलीकडे मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर असतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात आज देशभरातली ३०० हून अधिक केंद्रं आणि संस्था आहेत. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात कॅन्सरचं रुग्णालय चाळीसेक वर्षं काम करतं आहे. हात जवळचा आणि निर्णय अनुभवी तज्ज्ञाचा, अशी जोडी कॅन्सरच्या फॉलो-अपसाठी जिल्ह्याजिल्ह्यात बसवता येईल. फोनची दहा मिनिटं देऊन रुग्णाला मोकळं करण्यापेक्षा हे अवघड आहे, खर्चाचं आहे. पण २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला १४ लाखांहून अधिक लोकांना नव्याने कॅन्सर होतो, आणि ते सगळे काही परळला पोचू शकत नाहीत.

तोवर, वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी कॅन्सरची फाईल असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर तो विषय फोनवर निकालात काढायचा नाही, तडक रुग्णालय गाठायचं. नवी गाठ, नवा रक्तस्राव, अचानक आलेली धाप यांनाही हेच लागू. दूरच्या भेटीत मनाला पटेनासं झालं, तर ती कोणत्याही क्षणी थांबवण्याचा हक्क टेलिमेडिसिनच्या तत्त्वांनी रुग्णाला दिला आहे, आणि ‘प्रत्यक्ष या’ म्हणण्याची मुभा डॉक्टरांनाही आहे. भेटीच्या वेळी फोन रुग्णाच्या हातात द्या, जवळ एक माणूस बसवा, आणि थोडा वेळ त्यालाही बाहेर जायला सांगा. पुढच्या तारखेला डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा दोन गोष्टी बोलून घ्या: यापुढची कोणती भेट फोनवर चालेल आणि कोणत्या भेटीला यायलाच हवं. आणि रिपोर्ट वाईट आला तर फोनवर सांगायचं की बोलावून घ्यायचं, हे स्वतःच्या तोंडाने सांगून फाईलवर लिहून घ्या.